उरलेल्या पाण्याचा हिशेब

घर उभारणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. घर नीट बंद करून जाणाऱ्याचं कौतुक कुणी केल्याचं ऐकिवात नाही. खरं तर ते कामही तितकंच जिकिरीचं. कोकणात पावसाच्या तोंडावर आगोटीची धांदल उडते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात, सरपण आत येतं. येणारा ऋतू आपल्यासाठी थांबणार नाही, हे तिथल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत अशीच आगोट ऑक्टोबरात येते. फरक इतकाच, की तिथे धास्ती बाहेरून येणाऱ्या पाण्याची नसते, आत राहून गेलेल्या पाण्याची असते.

त्या देशात चाकांवरच्या घराचं मोठं वेड आहे. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी गावी विनेबागो कंपनीनं १९६६ साली आपलं पहिलं मोटारहोम बनवलं आणि मध्यमवर्गीय कुटुंबं बिऱ्हाड घेऊन हिंडू लागली. आता त्यांत आपली मराठी मंडळीही आहेत. मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या पुतण्याकडे असं एक वाहन आहे. ओटा, झोपायची जागा, न्हाणीघर, संडास, गरम पाण्याचा बंब, सगळं त्यात आहे. उन्हाळाभर ते हिंडतं आणि ऑक्टोबरअखेर अंगणात उभं राहतं ते थेट एप्रिलपर्यंत. मधल्या काळात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो.

पाण्याचा स्वभाव मोठा विलक्षण. बहुतेक पदार्थ थिजताना आकसतात. पाणीही चार अंशांपर्यंत आकसतं, पण त्याखाली उलट फुगू लागतं आणि बर्फ होताना सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतं. गंमत अशी, की पाइप फुटतो तो बर्फ जिथे धरला तिथेच असं नाही. बर्फाचा बूच पुढे सरकतो, त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला पळायला वाट उरत नाही, दाब वाढत जातो आणि जो सांधा कच्चा असेल तो जातो. म्हणून नळ उघडे ठेवायचे आणि पाणी बाहेर काढायचं.

हे काढणं एका वेळचं नाही. आधी पिण्याच्या पाण्याची, मग सांडपाण्याची आणि संडासाची टाकी रिकामी करायची. बंब बंद करून पुरता गार होऊ द्यायचा, आतला दाब सोडायचा आणि मगच त्याचं बूच काढायचं. घाई केली तर कढत पाणी अंगावर येतं. गाडीच्या तळाशी, सर्वांत खालच्या पातळीवर असलेल्या तोट्या उघडायच्या. काही जण काँप्रेसरची हवा मारून नळ्या कोरड्या करतात. तेव्हा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांवर जाऊ द्यायचा नाही. त्यानंतर बंबाकडे जाणारी वाट बायपासनं बंद करायची, नाहीतर गोठणरोधक द्रवाचे वीस-पंचवीस लिटर त्याच्याच पोटात जातात. मग पंप लावून तो गुलाबी द्रव नळ्यांतून खेळवायचा. प्रत्येक नळ, गार वेगळा, गरम वेगळा, गुलाबी धार येईपर्यंत उघडा. सिंकखालच्या ट्रॅपमध्येही पेलाभर ओतायचा.

पुतण्या आणि सूनबाई हे काम यादी घेऊन करतात. तो करतो, ती वाचून खूण करते. आमच्या बँकेत व्हाउचर एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, त्यातलाच हा प्रकार. गेल्या खेपेस सगळं आटोपलं असं वाटत असताना सूनबाई म्हणाली, “अहो, बाहेरच्या शॉवरची खूण नाहीये.” गाडीच्या कुशीत, झाकणाआड एक छोटा शॉवर असतो, चिखलाचे पाय धुवायला. त्यात जेमतेम वाटीभर पाणी निघालं. पण पाइप फोडायला तेवढं पुरतं. शिवाय चीर पडते जानेवारीत आणि कळते एप्रिलात, कारण तोवर बर्फच तिला बुजवून बसलेला असतो. खोटी नोंदही अशीच महिनोन्महिने गप्प राहते आणि तपासणीच्या दिवशी गळू लागते.

या कामात खरी जोखीम मात्र पाइपाची नाही. पिण्याच्या नळ्यांत घालायचा द्रव मोटारहोमसाठीचाच हवा. तो बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. मोटारीच्या इंजिनात घालतात तो बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉलचा. नावं सख्ख्या बहिणींसारखी, पण दुसरी विषारी. चवीला गोडसर, त्यामुळे मुलं आणि कुत्री-मांजरं फसतात, आणि मूत्रपिंडं निकामी होतात. याच कुळातल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला; औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं होतं. त्या प्रकरणी नेमलेल्या लेंटिन आयोगाची सुनावणी आमच्या पिढीनं रोज वर्तमानपत्रात वाचली आहे. म्हणून रंगावर भिस्त ठेवायची नाही; डबा हातात घेऊन लेबल वाचायचं. इंजिनाचा डबा पुतण्या वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवतो.

वसंतात सगळं उलट क्रमानं करायचं. नळ्या साफ पाण्यानं धुवायच्या, टाकीत बेताचं ब्लीच घालून ते काही तास मुरू द्यायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा धुवायचं. मे महिन्यात आमच्या वहिनी नातवंडांकडे जातात आणि सहलीचा पहिला चहा त्याच गाडीत, त्याच नळाच्या पाण्याचा करतात. पहिला कप त्या धाकट्या नातीला देतात, दूध जास्त घालून. तो कप निर्धास्तपणे तिच्या हाती द्यावा, एवढ्यासाठी ऑक्टोबरातला एक रविवार खर्ची पडलेला असतो.