बालकांचा प्रवास आणि आपली जबाबदारी

जालना औद्योगिक वसाहतीत कामाची पाळी बदलते, त्या वेळी रस्त्यावर एक दृश्य नित्याचे असते. लोखंडी सळयांनी भरलेल्या ट्रेलरशेजारून दुचाकी जाते. टाकीवर एक मूल, मागे आईच्या मांडीवर दुसरे. वसाहतीबाहेर, शेताच्या वाटेवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नातू हौसेने बसलेला असतो. यामागे मायाच असते. परंतु केवळ मायेने आघात टळत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन आदळून एकाएकी थांबले, तर आतील मोकळ्या बालकास बसणारा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडण्याएवढा असतो. मांडीवरचे मूल हातांनी आवरता येईल हा समज म्हणूनच घातक आहे. बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. बरगड्या लवचीक असल्याने त्या मोडत नाहीत, मात्र आत यकृत वा प्लीहा फाटू शकते. वरून जखम दिसत नसली तरी उलट्या, गुंगी किंवा पोटदुखी आढळल्यास बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे.

ट्रॅक्टर हे शेतकामाचे यंत्र आहे, प्रवासी वाहन नव्हे. ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातील आलेगाव येथे, ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळून सात शेतमजूर महिला मृत्युमुखी पडल्या. जेथे प्रौढांना सावरता आले नाही, तेथे मडगार्डवरील बालकाचा काय निभाव लागणार?

कायदाही स्पष्ट आहे. चार वर्षांवरील मुलास दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकास चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा व हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मोटारीत चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना बसविल्यास १,००० रुपये दंड होतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

दंडाच्या भीतीपेक्षा घरातील शिस्त अधिक उपयोगी पडते. मूल मोटारीच्या मागील आसनावर, पट्ट्यासह बसावे. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणीही नसावे. रविवारी चर्चच्या आवारात वाहन मागे घेण्यापूर्वी खाली उतरून पाहावे. तेथे आपलीच मुले खेळत असतात.