केसपेपर कोणी उघडावा?

आमच्या रुग्णालयाच्या नोंदणी कक्षातील खिडकीवर पूर्वी रुग्णाचे नाव व दाखल झाल्याचा दिवस सांगितला की अहवालाची प्रत हाती पडत असे. आता तेथे ओळखपत्र व रुग्णाचे संमतिपत्र मागितले जाते. देणगीतून ज्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या त्या रुग्णांची नावे देणगीदारांस कळविण्याची जुनी प्रथाही आम्ही बंद केली आहे. विश्वस्त मंडळाच्या सभासदांना संगणकावर खाटांची व हिशेबाची आकडेवारी दिसते; कोणाही रुग्णाचा केसपेपर मात्र दिसत नाही. या तिन्ही गोष्टींबद्दल आपल्यापैकी अनेकांनी नाराजी कळविली आहे. ती समजण्यासारखी आहे, म्हणून हे का व कसे केले ते येथे थोडे सविस्तर सांगतो.

वाशी हे आता मोठे शहर असले तरी येथील शेजार अजून लहान गावासारखाच आहे. सिडकोच्या ज्या इमारतींत आमचे रुग्ण राहतात, त्याच इमारतींत आमच्या परिचारिका, कारकून व तंत्रज्ञही राहतात. बाजार समितीतील एखादा माथाडी कामगार दाखल झाला, तर त्याला ओळखणारे चारजण वॉर्डात हमखास निघतात. या ओळखीचा रुग्णास आधार वाटतो, हे आम्ही नेहमी पाहतो. पण याच ओळखीने एकदा घात केला. एका तरुण स्त्रीच्या तपासणीचा निकाल, तिने घरी सांगण्यापूर्वीच, तिच्या इमारतीत पोहोचला होता. तिने तक्रार केली. संगणकातील नोंद काढली, तेव्हा तिचा केसपेपर 'वॉर्ड' या नावाने उघडला गेल्याचे आढळले. हे नाव व त्याचा पासवर्ड तिन्ही पाळ्यांतील सर्वजण वापरीत. पासवर्डाची चिठ्ठी संगणकाच्या कडेलाच चिकटविलेली होती. केसपेपर कोणी पाहिला हे आम्ही तिला सांगू शकलो नाही. ज्यांनी तो पाहिला नव्हता, त्यांनाही निर्दोष ठरविणे आम्हांला शक्य झाले नाही. रुग्णालयाने तिची लेखी क्षमा मागितली. ती पुन्हा आमच्याकडे आलेली नाही.

असाच एक प्रसंग फार दूर, फिनलंडमध्ये घडला होता व तो थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. तेथील एका सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करणारी परिचारिका एचआयव्हीबाधित होती व उपचारही त्याच रुग्णालयात घेत होती. १९९२ च्या सुमारास तिला संशय आला की सहकाऱ्यांना तिचा आजार ठाऊक झाला आहे. त्या काळी तेथील कर्मचाऱ्यांना रुग्णनोंदी मुक्तपणे पाहता येत. आपली नोंद कोणी पाहिली अशी तिने विचारणा केली. परंतु त्या व्यवस्थेत केवळ शेवटच्या पाच वेळांची नोंद राहत असे, आणि तीही व्यक्तीच्या नव्हे तर विभागाच्या नावाने. पुरावा नाही म्हणून देशातील न्यायालयांत ती हरली. १७ जुलै २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने मात्र तिच्या बाजूने निर्णय दिला. नोंद कोणी पाहिली हे सिद्ध करण्याचे ओझे रुग्णावर टाकता येत नाही. ती माहिती सुरक्षित ठेवणारी व्यवस्था आधीच असावयास हवी होती, असा त्या निकालाचा आशय होता. आमच्या 'वॉर्ड' या सामाईक नावात नेमका हाच दोष होता.

आता आमच्याकडे प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड आहे आणि परवानग्या व्यक्तीला न देता कामाला दिल्या आहेत. पूर्वी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा ज्याची पाळी असेल त्याच्या कमरेला असे व पाळी संपली की पुढच्याकडे जाई. तसाच काहीसा हा प्रकार आहे. संगणकशास्त्रात या पद्धतीची रीतसर मांडणी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेराओलो व रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये केली आणि २००४ मध्ये तिला तेथे राष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. नोंदणी कारकुनास रुग्णाचे नाव, पत्ता व भेटीची वेळ दिसते. निदान दिसत नाही. परिचारिकेस तिच्या वॉर्डातील रुग्ण, तेही ते दाखल असेपर्यंत, दिसतात. दिलेल्या औषधाची नोंद ती करते. डॉक्टरांचा आदेश तिला बदलता येत नाही. चुकलेली नोंद दुरुस्त करता येते, परंतु कोणालाही, अगदी वैद्यकीय अधीक्षकांनाही, ती पुसता येत नाही. जुनी नोंद खाली तशीच राहते.

हे सारे पहिल्याच फटक्यात जमले असे नाही. पहिल्या आराखड्यात औषधालयास फक्त औषधांची चिठ्ठी दिसत असे. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते व काही औषधांची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यावर अवलंबून असते. या दोन्ही गोष्टी पडद्यावर नसल्याने औषधनिर्माते दिवसभर वॉर्डात फोन करू लागले. गुप्ततेच्या उत्साहात आम्ही कामाला लागणारी माहितीच झाकली होती. वजन, ॲलर्जी व संबंधित रक्ततपासण्या त्यांना पुन्हा उघडून दिल्या. परवानगी कमी पडली तरीही रुग्णाचेच नुकसान होते, हा धडा आम्हांला या फोनांनी दिला.

अपघात विभागाचा प्रश्न निराळा आहे. सायन-पनवेल महामार्गावरून बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णासाठी कोणता डॉक्टर 'नेमलेला' आहे, हे पाहत बसता येत नाही. तेथे कोणताही कर्तव्यावरील डॉक्टर कोणतीही फाईल उघडू शकतो. त्याने फक्त कारण एका ओळीत लिहावयाचे. अशा प्रकारे उघडलेल्या प्रत्येक फाईलची यादी दुसऱ्या दिवशी अधीक्षकांपुढे जाते. काही डॉक्टरांना आरंभी हा अविश्वास वाटला. आमचे मत असे की दार उघडे ठेवून पायरीवर नोंदवही ठेवणे हा अविश्वास नव्हे.

देणगीदारांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पैशाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. आमच्याकडे उत्पन्नाचे कागद वैद्यकीय समाजसेविका तपासते, देयक लेखा विभाग तयार करतो आणि सवलत तिसरा अधिकारी मंजूर करतो. या तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे काम संगणकावर करता येत नाही. पूर्वी देयक करणाराच सवलतीचा आकडा घालीत असे. त्यातून गैरव्यवहार झाला असे आम्ही म्हणत नाही, पण झाला असता तर तो कोणाच्या नजरेस आला नसता.

याच ठिकाणी एक लहानसा बदल केला, त्याचे आम्हांला विशेष समाधान आहे. वॉर्डातील पडद्यावर रुग्ण निर्धन योजनेतील आहे की पूर्ण शुल्क भरणारा, हे आता दिसतच नाही. परिचारिकेस त्याची गरज नसते.

विश्वस्तांविषयी. रुग्णालयाचे उत्तरदायित्व त्यांच्याकडे आहे. त्यासाठी लागणारे आकडे, तक्रारी व लेखापरीक्षण त्यांच्यापुढे येते. एखाद्या ओळखीच्या रुग्णाची प्रकृती जाणून घेण्याची इच्छा सद्भावनेचीच असते. तरीही ती विचारपूस रुग्णाच्या खाटेजवळ व्हावी, पडद्यावर नव्हे. देणगीदारांना यापुढे त्यांच्या निधीतून झालेल्या शस्त्रक्रियांची संख्या, प्रकार व खर्च कळविला जाईल. रुग्णास स्वतःहून आभार मानावयाचे असतील तर त्याचे पत्र आम्ही अवश्य पोहोचवू.

कायदाही याच दिशेने जात आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम यांनी गुप्ततेचे बंधन स्पष्ट शब्दांत घातले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा बाह्यरुग्ण विभागाचे काम कागदावर करावे लागले होते. प्रत्येकाच्या हाती कमीत कमी किल्ल्या असल्या तर असा शिरकाव झाला तरी तो फार खोल जात नाही. आम्ही संगणक देखभाल करणाऱ्या कंपनीचा कायमचा प्रवेशही त्यासाठीच बंद केला. आता गरज असेल तेव्हा तो काही तासांपुरता दिला जातो.

काही गोष्टी अद्याप साधलेल्या नाहीत. बदली झालेल्या कर्मचाऱ्याकडे जुन्या विभागाची परवानगी तशीच राहते, हे दर तिमाहीच्या तपासणीत अजूनही आढळते. नोकरी सोडलेल्यांची नावे त्याच दिवशी बंद होतात. शिकाऊ परिचारिका व मानद डॉक्टरांच्या बाबतीत मात्र उशीर होतो. रात्रपाळीत एका संगणकावर चौघींना काम करावे लागते व दर वेळी नव्याने पासवर्ड घालणे त्यांना जाचक वाटते. या वॉर्डांना आणखी संगणक देणे हाच त्यावर उपाय आहे व त्यासाठी निधीची विनंती या अहवालात अन्यत्र केली आहे. आणि ज्याला पाहण्याची परवानगी आहे त्याने बाहेर बोलू नये, याची व्यवस्था कोणत्याही संगणकात नाही.

रुग्णांच्या आप्तांसाठी एवढेच. वैद्यकीय नोंदींची प्रत रुग्णास, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीस, अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळते; भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतच तशी तरतूद आहे. दाखल होतानाच असे अधिकारपत्र भरून ठेवल्यास पुढे धावपळ होत नाही. आपला केसपेपर कोणी व केव्हा उघडला याची यादीही रुग्णास मागता येते. दोन्ही अर्ज नोंदणी कक्षात विनामूल्य मिळतात, आणि लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज समाजसेविका भरून देतात.