गादी : मऊ की कठीण?

माणूस आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत घालवतो. रोज आठ तासांची झोप धरली, तर साठ वर्षे वयाच्या माणसाची वीस वर्षे अंथरुणावर गेलेली असतात. तरीही सायकल घेताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी गादी घेताना करत नाही. दुकानात जायचे, मुठीने गादी दाबून पाहायची, किंमत विचारायची आणि टेम्पोत टाकून घरी आणायची! मग महिन्याभरात आईची कंबर धरते किंवा वडील म्हणतात, "यापेक्षा जमिनीवरची सतरंजी बरी होती." पण आता उपाय नसतो. एकदा घेतलेली गादी पुढची आठ-दहा वर्षे वापरावीच लागते.

गादी घ्यायची म्हटली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पाठीला कठीण अंथरूणच चांगले. दुसरा म्हणतो, मऊ गादीशिवाय झोप कसली? यात खरे कोणाचे? हा प्रश्न मतांनी सोडवण्याची गरज नाही. दाब, स्थितिस्थापकता आणि घनता या तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या तीन कल्पना त्यासाठी पुरेशा आहेत.

जमीन का टोचते?

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. समजा, एका माणसाचे वजन ६० किलो आहे. तो उभा असताना दोन्ही तळव्यांचे मिळून ३०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ जमिनीला टेकते, असे धरू. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ०.२ किलो भार पडला. तोच माणूस फरशीवर उताणा निजला, तर काय होईल? फरशी सपाट आहे, पण आपले शरीर सपाट नाही. डोक्याची मागची बाजू, खांद्यांची पाती, कुल्ले आणि टाचा एवढेच भाग प्रामुख्याने टेकतात. हे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर सरासरी दाब ०.१ किलो होतो. गादीवर मात्र शरीर थोडे रुतते, गादी शरीराचा आकार घेते आणि टेकणारा भाग वाढतो. तो ३००० चौरस सेंटिमीटर झाला, तर दाब ०.०२ किलोपर्यंत उतरतो. वजन तेच, पण दाब पाचपट कमी!

याचा रक्ताभिसरणाशी काय संबंध? आपल्या त्वचेत केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या असतात. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये नखाजवळच्या केशवाहिन्यांमधील दाब प्रत्यक्ष मोजला. रक्त शिरते त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. आपल्या हिशेबातला गादीवरचा दाब सुमारे १५ मिलिमीटर पाऱ्याइतका येतो, तर फरशीवरचा ७० मिलिमीटरहून अधिक. ३२ हा आकडा म्हणजे काटेकोर सीमारेषा नव्हे. तो व्यक्तीगणिक आणि अवयवागणिक बदलतो. पण बाहेरचा दाब फार वाढला की त्या जागेचा रक्तपुरवठा मंदावतो, एवढे खरे. मग ती जागा अवघडते आणि आपण झोपेतच कूस बदलतो. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, अशा रुग्णांना एकाच जागी सतत दाब पडून जखमा होतात. म्हणूनच रुग्णालयात त्यांची कूस ठरावीक वेळाने बदलतात.

मग जेवढी मऊ तेवढी चांगली?

दाब कमी करणे एवढेच काम असते, तर सर्वांत मऊ गादी सर्वांत चांगली ठरली असती. पण येथे पाठीचा कणा आडवा येतो!

आपला कणा बाजूने पाहिला तर सरळ काठीसारखा नसतो. मानेत आणि कमरेत तो पुढे वळलेला, तर पाठीत मागे वळलेला असतो. मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. दिवसभर उभे राहून आणि बसून या चकत्यांवर भार पडतो, त्यांतले थोडे पाणी बाहेर जाते आणि त्या किंचित चपट्या होतात. रात्री आडवे झाल्यावर भार उतरतो आणि त्या पुन्हा पाणी शोषून फुगतात. जर्मनीत केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून मोजमापे घेतली. उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता, तर उताणे निजल्यावर फक्त ०.१. म्हणून सकाळी उठल्यावर आपली उंची रात्रीपेक्षा सुमारे एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते. विश्वास बसत नसेल, तर आज रात्री आणि उद्या सकाळी उठल्याबरोबर भिंतीशी उभे राहून मोजून पाहा.

याचा अर्थ, रात्र ही कण्याच्या विश्रांतीची वेळ आहे. ही विश्रांती नीट मिळायची, तर कण्याचे नैसर्गिक वळण झोपेतही टिकले पाहिजे. शरीराचा कमरेखालचा मधला भाग वजनदार असतो. फार मऊ गादीत तो खोल जातो, आणि डोके व पाय वर राहून शरीराची झोळी होते. कुशीवर झोपल्यास कणा एका बाजूला वाकतो. शिवाय खड्ड्यात रुतलेल्या माणसाला कूस बदलायला अधिक जोर लावावा लागतो. उलट, फार कठीण गादीवर कुशीवर झोपले, तर खांदा आणि कुल्ला आत जात नाहीत आणि कंबर अधांतरी लोंबते. म्हणजे दोन्ही टोकांना कणा वाकतोच, फक्त दिशा वेगळी!

जुनी समजूत आणि एक चाचणी

पाठ दुखते म्हटल्यावर "फळीवर झोपा" असा सल्ला पुष्कळ वर्षे दिला जात असे. स्पेनमधील डॉक्टरांनी या सल्ल्याची रीतसर परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बराच काळ कंबर दुखत असलेल्या, पण विशिष्ट आजार न आढळलेल्या ३१३ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला कठीण, तर दुसऱ्याला मध्यम कठीण गादी दिली. कोणाला कोणती गादी मिळाली, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. नव्वद दिवसांनंतर मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे आणि रोजच्या हालचालींतली अडचण दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झालेली आढळली.

यातून "मध्यम कठीण गादी हे सर्वांवरचे औषध आहे" असा अर्थ काढू नये. चाचणी एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांवर झाली होती. पण "जेवढी कठीण तेवढी चांगली" ही समजूत मात्र कसोटीला उतरली नाही.

गादीच्या पोटात काय असते?

कापसाची गादी आपल्या ओळखीची. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड गादीचे घनफळ सुमारे १,७०,००० घन सेंटिमीटर होते. तिच्यात बारा किलो कापूस भरला, असे समजू. कापसाच्या तंतूची घनता घन सेंटिमीटरला सुमारे दीड ग्रॅम असते. म्हणजे प्रत्यक्ष तंतूंनी व्यापलेली जागा फक्त ८,००० घन सेंटिमीटर, जेमतेम पाच टक्के. उरलेली पंचाण्णव टक्के हवाच! वापराने तंतू दबतात, हवा निघून जाते, गाठी होतात आणि गादी दगडासारखी लागते. पिंजारी कापूस पुन्हा पिंजतो, तेव्हा तो खरे तर गादीत हवा परत भरत असतो. कापूस घामाचा ओलावा शोषतो. म्हणून कापसाची गादी वरचेवर उन्हात टाकण्याची आपली रीत शास्त्रीयच आहे. गादीतल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कीटकसदृश जीव दमट हवेत वाढतात आणि काहींच्या दम्याला व शिंकांना कारण होतात. कोरडेपणा त्यांना मानवत नाही.

काथ्याच्या गादीत नारळाच्या सोडणाचे राठ तंतू रबराच्या चिकाने एकमेकांना चिकटवलेले असतात. ती कठीण असते आणि तिच्यातून हवा चांगली खेळते. रबराचा चीक फेसून त्यापासून फोम बनवण्याची रीत डनलॉप कंपनीच्या संशोधकांनी १९२९ मध्ये शोधली. आज सर्वत्र दिसतो तो फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. या रसायनाची वाट जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये दाखवली. शरीराच्या उबेने मऊ होणारा आणि हात काढल्यावर सावकाश फुगणारा 'मेमरी फोम' १९६६ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या कामातून निघाला. तो विमानातील आसनांसाठी होता! फोममध्ये हवा कोंडलेली राहते आणि कोंडलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. त्यामुळे उन्हाळ्यात अशा गादीवर उकडते, अशी तक्रार ऐकू येते.

फोमच्या गादीवर '३२ घनता' किंवा '४० घनता' असे छापलेले असते. त्याचा अर्थ, एक घन मीटर फोमचे वजन ३२ किंवा ४० किलो. घनता म्हणजे कठीणपणा नव्हे. कमी घनतेचा फोमही कठीण बनवता येतो, पण सर्वसाधारणपणे तो लवकर बसतो. घनतेचा दावा तुम्हाला पडताळता येईल. एकाच फोमची सहा फूट बाय पाच फूट, पाच इंच जाडीची गादी घेतली, तर तिचे घनफळ ०.३५ घन मीटर भरते. घनता ३२ असेल, तर वजन सुमारे ११ किलो आणि ४० असेल, तर सुमारे १४ किलो आले पाहिजे. वजनकाटा खोटे बोलत नाही. मात्र 'ऑर्थोपेडिक' यासारखा शब्द छापलेला असला, तरी ते काही मोजमाप नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

एक गादी, दोन वजने

आतापर्यंत आपण एकाच माणसाचा विचार केला. पण आई-वडिलांसाठी गादी घ्यायची, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १६७८ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्प्रिंगविषयीचा आपला नियम स्पष्ट मांडला : जेवढे बल, त्या प्रमाणात ताण. समजा, वडिलांचे वजन ७५ किलो आणि आईचे ५० किलो आहे. एकाच स्प्रिंगवर ५० किलोंनी चार सेंटिमीटर दाब बसत असेल, तर ७५ किलोंनी सहा सेंटिमीटर बसेल. गादी म्हणजे काही एकच स्प्रिंग नव्हे आणि मोठ्या शरीराचा भार अधिक जागेवर पसरतो, तरी कल करण्याजोगा फरक उरतोच. गादीला जड माणसाच्या बाजूला उतार येतो, आणि हलक्या माणसाला रात्रभर नकळत त्या उताराविरुद्ध स्नायू आवळून राहावे लागते. सकाळी अंग का दुखते, हे मग कळत नाही.

दुसरी अडचण हालचालीची. एकमेकांना तारेने जोडलेल्या स्प्रिंगांच्या गादीत एकाने कूस बदलली की हादरा दुसऱ्यापर्यंत पोचतो. यावर जेम्स मार्शल या अभियंत्याने १९०० च्या सुमारास साधी युक्ती काढली. त्याने प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवली. त्यामुळे एक दबली तरी शेजारची फारशी हलत नाही. आजही 'पॉकेट स्प्रिंग' नावाने हीच रचना वापरतात.

दोघांच्या वजनांत किंवा आवडीत फार अंतर असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय आपल्याकडे जुनाच आहे. एका पलंगावर दोन स्वतंत्र गाद्या शेजारी शेजारी घालायच्या. जाडी सारखी, पण कठीणपणा ज्याच्या त्याच्या शरीराला साजेसा.

दुकानात जाताना

मुठीने दाबून गादी कळत नाही, कारण मुठीचे क्षेत्रफळ लहान असते आणि झोपणारे शरीर मोठे. गादीवर झोपूनच पाहायला हवे, आणि ज्यांना ती वापरायची आहे त्या दोघांनी एकाच वेळी. यात संकोच करण्याचे कारण नाही. रोजच्या सवयीच्या स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. उताणे झोपलेल्याच्या कमरेखाली तुम्ही तळहात सरकवून पाहा. हात सहज आरपार जात असेल, तर गादी त्या व्यक्तीला फार कठीण आहे. मुळीच शिरत नसेल, तर फार मऊ. थोडा अडखळत गेला, तर ठीक. कुशीवर झोपल्यावर मागे उभे राहून मानेपासून कमरेपर्यंत कणा सरळ रेषेत दिसतो का, तेही पाहा.

घरचा पलंगही तपासा. नवारीची खाट झोळीसारखी झाली असेल, तर तिच्यावर कितीही चांगली गादी टाकली तरी तीही झोळीच होणार. आणि पायाला मुंग्या येत असतील किंवा दुखणे वाढतच असेल, तर गादीच्या नव्हे, डॉक्टरांच्या दाराशी जावे.

करून पाहा

१. फोमच्या तुकड्यावर एक पुठ्ठा ठेवा. त्यावर एक, दोन, तीन, चार अशा सारख्या वजनाच्या विटा ठेवत जा आणि फोम किती दबतो ते पट्टीने मोजा. वजन आणि दाबलेले अंतर यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येतो का? कोठे वळतो?

२. विटा रात्रभर तशाच ठेवा. सकाळी त्या काढून जाडी लगेच मोजा आणि तासाभराने पुन्हा मोजा. जो फोम मूळ जाडीला परत येत नाही, तो गादीतही लवकर बसेल.

३. घरच्या गादीच्या एका बाजूला ताट ठेवून त्यात काठोकाठ पाणी भरलेले फुलपात्र ठेवा. दुसऱ्या बाजूला कोणाला तरी कूस बदलायला सांगा. पाणी सांडले का? किती? हाच प्रयोग कापसाच्या, काथ्याच्या आणि फोमच्या गादीवर करून निकालांचा तक्ता बनवा. घरात नवी गादी घेण्याचा विषय निघाला की तो तक्ता पुढे ठेवा.