चाकाविना पोर्सेलिन: रूथ डकवर्थ यांची घडण

पोर्सेलिन ही मातीकामातली सर्वांत हट्टी माती. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांच्या मिश्रणातून ती तयार होते. भट्टीत सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की फेल्डस्पार वितळून कणांमधल्या फटी भरतो. निवल्यावर हाती येते ती पांढरीशुभ्र, टणक, पाणी न शोषणारी वस्तू. भिंत पातळ असेल तर तिच्यातून उजेड झिरपतो. लोणच्याच्या बरणीला आपल्याकडे चिनी मातीची म्हणतात, पण ती बहुधा स्टोनवेअर या भरड जातीच्या मातीची असते आणि तिच्यातून उजेड येत नाही.

चाकावर पोर्सेलिन चढवणे कठीण, आणि नुसत्या हाताने घडवणे त्याहून कठीण. केओलिनला चिकटपणा कमी असल्याने लाटलेली चकती वाकवताना कडेला चिरा पडतात. वाळताना आणि भाजताना मिळून वस्तू १२ ते १५ टक्के आकसते. दोन तुकडे जोडायचे तर दोन्हींत ओल सारखीच हवी. कडा खरवडायच्या, मध्ये त्याच मातीची राबडी भरायची आणि प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळू द्यायचे. घाई केली तर जोड सुटतो. शिवाय या मातीला आठवण असते, असे कुंभार म्हणतात: एकदा वाकलेली पट्टी सरळ करून ठेवली, तरी भट्टीत ती पुन्हा त्याच बाजूला वळते. स्टोनवेअरमध्ये भाजलेल्या मातीचा भरडा मिसळून बळ आणता येते. पोर्सेलिनमध्ये तसे केले तर तिचा गुळगुळीतपणा आणि अर्धपारदर्शक झाकच जाते.

एवढ्या अडचणी पत्करून पोर्सेलिन हाताने घडवणाऱ्यांत रूथ डकवर्थ यांचे नाव फार वरचे आहे. त्यांचा जन्म १९१९ मध्ये हॅम्बुर्गला झाला. वडील ज्यू असल्याने नाझी राजवटीत कलाशिक्षणाची दारे बंद झाली आणि १९३६ मध्ये त्या इंग्लंडला आल्या. लिव्हरपूलला त्या कला शिकल्या, पुढे काही काळ थडग्यांच्या दगडांवर कोरीवकाम केले. शिल्पावर झिलई कशी चढवावी हे विचारायला त्या प्रसिद्ध कुंभार लूसी री यांच्याकडे गेल्या, तेव्हा री यांनी त्यांना रीतसर शिकण्याचा सल्ला दिला. १९५६ मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि पुढे तिथेच शिकवले.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कुंभार बर्नार्ड लीच यांच्या विचारांचा दबदबा होता. चाकावरचे, रोज वापरायचे, प्रामाणिक भांडे हा तिथला आदर्श. डकवर्थ यांनी वापरायची भांडीही केली, पण शिल्पकाराचा हात त्यांना तिथे थांबू देईना.

त्यांच्या पोर्सेलिनच्या वाट्या नीट पाहण्यासारख्या आहेत. लहानसा, जवळजवळ गोल पेला; त्याच्या तोंडातून किंवा कडेला खाच पाडून उभी बसवलेली पात्यासारखी पातळ पट्टी. पेला गोल, पोकळ आणि बंदिस्त. पाते सपाट, धारदार आणि बाहेर झेपावणारे. पुष्कळदा त्यावर चकाकती झिलई नसते, त्यामुळे सावली मऊ पडते आणि कड स्पष्ट दिसते. अशा वाटीत काही ठेवायचे नसते, तरी ती वाटीच राहते. वापर आणि शिल्प यांचा वाद त्यांनी असा वस्तूतच सोडवला, आणि हेच त्यांचे सर्वांत मोलाचे काम. बहुतेक कामांना त्यांनी नावही दिले नाही.

१९६४ मध्ये त्या शिकागो विद्यापीठात शिकवायला गेल्या आणि तिथेच स्थायिक झाल्या. विद्यापीठाच्या भूभौतिकी विभागाच्या इमारतीत त्यांनी १९६७–६८ मध्ये ‘अर्थ, वॉटर अँड स्काय’ हे स्टोनवेअरचे भित्तिशिल्प केले. प्रवेशदालनाच्या भिंतींबरोबर छतही त्याने व्यापले आहे. पुढे लोणच्याचा जुना कारखाना घेऊन त्यांनी तिथे घर आणि कार्यशाळा थाटली. भली मोठी स्टोनवेअर शिल्पे, ब्राँझ आणि तळहातावर मावेल असे पोर्सेलिन, ही कामे त्यांनी पुढची अनेक वर्षे जोडीने चालू ठेवली. २००९ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, शिकागोत त्यांचे निधन झाले.