खुर्द्यातला खजिना

वाण्याकडचा खुर्दा मोजून न घेणारा माणूस एकतर फार श्रीमंत असतो, नाहीतर फार घाईत. मी दोन्ही नाही. म्हणून मी मोजतो, आणि वर चष्मा लावून प्रत्येक नाणे दोन्ही बाजूंनी न्याहाळतो. आमच्या सौ. याला ‘मुलगी पाहणे’ म्हणतात.

ही खोड एका रुपयाने लावली. भाजीवालीने परत दिलेल्या पैशांत एक नाणे निराळे वाटले. उजेडात धरले, तर त्यावर साक्षात ज्ञानेश्वर माउली! १९९९ सालचे ते नाणे. त्याच साली दोन रुपयांवर शिवछत्रपती आले. १९९० च्या रुपयावर डॉ. आंबेडकर आहेत, २००७ च्या पाचावर लोकमान्य टिळक. ही सारी मंडळी आपल्या खिशातून ये-जा करीत असतात आणि आपण त्यांना चहावाल्याच्या हवाली करतो!

पुढे सालाखालची खूण पाहायला शिकलो. पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण साधारणपणे मुंबईच्या टांकसाळीची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर नाणे कलकत्त्याचे.

आता भोकाचा पैसा मात्र खुर्द्यात मिळायचा नाही. तो आजीच्या डब्यातच शोधावा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाच्या चौसष्ट पैशांचे शंभर नवे पैसे झाले, १९६४ साली त्यांतले ‘नवे’ गळाले, आणि २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे व त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली.

माझ्या या छंदाचा लौकिक नातेवाइकांत पसरला होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आत्याचा फोन आला. “अरे, थोडे पैसे पाठवतोस का? आठ दिवसांत दामदुपटीने देते.”

विचारपूस केली. आत्याजवळ वैष्णोदेवीचे २०१२ सालचे पाच रुपयांचे नाणे होते. फोनवरच्या जाहिरातीत त्याला लाखो रुपये देऊ केले होते. समोरच्या गृहस्थाने आधी नोंदणीचे पैसे घेतले, मग कराचे. पेन्शनीतून साडेसात हजार गेले होते. आता तो तिसरा हप्ता मागत होता.

“आत्या,” मी म्हणालो, “विकत घेणारा पैसे देतो की मागतो?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग हळूच आवाज आला, “घरात कुणाला सांगू नकोस.”

अशा ठकांपासून सावध राहा, आम्ही जुन्या नाण्यांच्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसले शुल्कही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच जाहीर केले होते. पण अशा सूचना आत्यापर्यंत पोहोचत नाहीत, जाहिराती पोहोचतात. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पैसे काही परत आले नाहीत.

लक्ष्मीपूजनाला आत्या आमच्याकडे आली. ते नाणे तिने पूजेत ठेवले. सौ. ते चिंचेने घासायला निघाल्या, तेव्हा मी हात धरला. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत. जुन्या नाण्याचा काळवंडलेला रंग हेच त्याचे वय.

“मग याची खरी किंमत किती रे?” आत्याने विचारले.

“पाच रुपये.”

“छे!” आत्या हसली, कितीतरी दिवसांनी. “मला साडेसात हजारांना पडलंय. नीट जपून ठेव!”