अभिरुचीचा निवाडा : ह्यूम, कांट आणि पाटणकर

कबनूरला खेटून असलेल्या इचलकरंजीत १९७४ साली पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी रा. भा. पाटणकर यांचा ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथामागचा प्रश्न जुना आहे : अभिरुचीच्या तंट्यात निवाड्याचा अधिकार तत्त्वज्ञ ह्यूमने १७५७ साली सरावलेल्या, तुलनेत मुरलेल्या व पूर्वग्रहमुक्त रसिकांच्या हवाली केला होता. कांटने १७९० मध्ये त्यापुढे जाऊन असे प्रतिपादिले, की सौंदर्याचा निर्णय नियमांनी सिद्ध करता येत नसला तरी तो सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतो. काठावरच्या वेलपत्तीचे सौंदर्य त्याने स्वतंत्र मानले आणि घोड्याचे किंवा इमारतीचे प्रयोजनाच्या संकल्पनेवर अवलंबून असलेले. इचलकरंजीच्या या यंत्रमागांच्या मुलखात, जिथे कापड अंगावर टिकावेही लागते आणि डोळ्यांत भरावेही लागते, हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पाटणकरांनी कांटचा हा विचार मराठीत बारकाईने तपासला आणि सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक, म्हणजे दोन ध्रुव असलेली, असल्याचा, माझ्या मते कवी-समीक्षक मर्ढेकरांच्या लयसिद्धांताहून अधिक व्यापक, सिद्धांत मांडला. या ग्रंथास १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.