मोबाइल काढून घ्याल म्हणून...

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेत पालकसभा होती. मुलगा-सून दोघेही नोकरीवर, म्हणून जठारपेठेतून रिक्षा करून मीच गेलो. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस पालकांच्या बाकावर बसला की त्याला जरा अवघडल्यासारखेच होते. सभेत विषय एकच, मोबाइल. ‘पोट्टे ऐकतच नाहीत’, ‘रात्री पांघरुणात घेऊन बसतात’ अशी गाऱ्हाणी झाली आणि मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही असे एकमताने ठरले. त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गणिताचा गृहपाठ येऊन पडला!

मी ही गंमत म्हणून घरी सांगितली. नात हसली नाही. बऱ्याच वेळाने जवळ येऊन म्हणाली, “आबा, एक सांगू? रागावणार नाही ना?”

मोबाइलवरच्या एका खेळात कुणी ‘दादा’ भेटला होता. आधी खेळाच्या गोष्टी, मग घरी कोण कोण असतं, मग फोटो पाठव. तिने फोटो पाठवला नव्हता. पण दोन महिने पोरगी हे एकटीच पोटात घेऊन वावरत होती.

“काहून सांगितलं नाही बेटा?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मोबाइलच काढून घेतला असता.”

यावर मला उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे खरे होते. आम्ही तेच केले असते, आणि वर ‘तूच कशाला बोललीस?’ असेही विचारले असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने महाराष्ट्र ढवळून निघाला होता. त्याच आठवड्यात आपल्याच जिल्ह्यातले, बाळापूर तालुक्यातले काजीखेड वर्तमानपत्रांत आले. जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक मुलींना मोबाइलवर अश्लील चित्रफिती दाखवतो, अशी सहा मुलींची तक्रार होती. त्याला अटक झाली. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. मोबाइल मुलींच्या हातात नव्हता, गुरुजींच्या हातात होता. आणि गोष्ट बाहेर आली तीही फोनमुळेच. १०९८ या क्रमांकावर कळवले गेले आणि बालकल्याण समितीची माणसे गावात पोहोचली.

हा क्रमांक १९९६ साली मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या एका उपक्रमातून सुरू झाला. रस्त्यावरच्या पोरांना हाक मारायला कुणी तरी असावे, एवढाच हेतू. आज तो देशभर चालतो, पैसे पडत नाहीत. मुलाला अश्लील चित्र दाखवणे हा २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने गुन्हा आहे. असे काही कळूनही न कळवणे हाही गुन्हाच. संस्थेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या काळी ‘घरातले घरात’ मिटवण्यालाच शहाणपण म्हणत. मीही म्हटले असेल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यामागची कळकळ समजते. पण मला सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव अधिक जवळचे वाटते. तिथे त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले, मुलांचे आणि थोरांचेही. बाप मोबाइल चाळत बसलेला आणि पोराला मात्र ‘अभ्यास कर’, असा प्रकार तिथे नाही.

आमच्याकडे एवढेच झाले: नातीने संदेश पुसले नाहीत, तो पुरावा असतो; मुलगा ते घेऊन सायबर पोलिसांकडे गेला. मोबाइल तिच्याकडेच आहे. रात्री मात्र घरातले सगळे मोबाइल दिवाणखान्यात, माझाही.

मग मी शाळेत गेलो. प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ असावी, असा शासनाचा मार्च २०२२ चा निर्णय आहे. समितीत कोण आहे, विचारले. कागद सापडला, त्यावरच्या एका बाईंची बदली होऊन गेली होती. तक्रारपेटी होती, मुख्याध्यापकांच्या दाराशी, थेट सीसीटीव्हीच्या खाली. चिठ्ठी टाकणारी पोर पडद्यावर साफ दिसेल, हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. “हलवू ना सर,” असे सांगितले गेले.

पेटी अजून तिथेच आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे.